झेंड्याचा अर्थ कोणी ठरवला?

चौथी-पाचवीतल्या कोणत्याही मुलाला विचारा, झेंड्यावरच्या रंगांचा अर्थ तो घडाघडा सांगेल. केशरी म्हणजे त्याग आणि शौर्य, पांढरा म्हणजे सत्य आणि शांती, हिरवा म्हणजे समृद्धी, मधले चक्र अशोकाचे, त्याला आरे चोवीस. त्याच्या आईवडिलांनी हेच पाठ केलेले असते आणि आजोबांनीही. पण हे अर्थ ठरवले कोणी, केव्हा आणि कुठे, असा पुढचा प्रश्न विचारलात तर आजोबाही जरा घुटमळतात. घटना समितीने २२ जुलै १९४७ रोजी मंजूर केलेला ध्वजाचा ठराव अवघ्या काही ओळींचा आहे. गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा असे सारख्या रुंदीचे तीन आडवे पट्टे त्यात सांगितले आहेत. अर्थ मात्र एकाही रंगाचा दिलेला नाही. साऱ्या ठरावात अर्थ सांगितला आहे तो फक्त एकाच गोष्टीचा. पांढऱ्या पट्ट्यावरचे निळे चक्र हे चरख्याचे प्रतीक असेल, असे तो ठराव म्हणतो. अशोकाचे नाव येते ते त्यानंतर, आणि तेही चक्राचा नमुना कुठून घ्यायचा एवढे सांगण्यापुरते.

हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. चरखा गेला आणि त्याच्या जागी चक्र आले, अशीच आपली समजूत असते. ठरावाचे शब्द मात्र वेगळे बोलतात. ते तसे का बोलतात, हे समजून घ्यायचे तर जरा मागे जावे लागते. आपला झेंडा काही एका रात्रीत, एका माणसाच्या डोक्यातून निघालेला नाही. तो भांडणातून, समजुतीतून, दुरुस्त्यांतून घडलेला आहे.

पुण्याच्या केसरीवाड्यात एक जुना झेंडा जपून ठेवलेला आहे. हिरवा, पिवळा आणि तांबडा असे त्याचे तीन पट्टे. वर आठ कमळे, मध्ये देवनागरीत ‘वंदे मातरम्’ ही अक्षरे, खाली चंद्र आणि सूर्य. मुंबईत जन्मलेल्या मादाम भिकाजी कामा यांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या श्टुटगार्ट येथे आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत जो झेंडा फडकवला, त्याची ही गोष्ट. पुढे इंदुलाल याज्ञिकांनी तो हिंदुस्थानात आणला. ज्या देशाला स्वतःचे सरकार नाही, त्याचा झेंडा परक्या देशातल्या सभेत एक पारशी बाई उंच धरते, याला त्या काळी केवढी छाती लागली असेल! त्यानंतर १९१७ साली ॲनी बेझंट आणि लोकमान्य टिळक यांच्या होमरूल चळवळीचा झेंडा आला. पाच तांबडे आणि चार हिरवे पट्टे, त्यांवर सप्तर्षी, आणि डाव्या कोपऱ्यात चक्क युनियन जॅक. टिळकांच्या झेंड्यात युनियन जॅक, हे आज आपल्याला खटकते. पण होमरूलची मागणी साम्राज्याच्या चौकटीतल्या स्वराज्याची होती आणि झेंड्याने ती प्रामाणिकपणे दाखवली, एवढेच. या दोन्ही झेंड्यांना मान मिळाला, पण खेड्यापाड्यांत ते पोचले नाहीत.

गावोगाव पोचला तो १९२१चा झेंडा. मछलीपट्टणजवळच्या एका खेड्यात जन्मलेले पिंगली वेंकय्या हे मोठे विलक्षण गृहस्थ होते. तरुणपणी बोअर युद्धात शिपाई, मग शेतीचे आणि कापसाचे अभ्यासक, हिऱ्यांचे जाणकार. या सर्वांवर वरताण म्हणजे झेंड्याचे वेड. १९१६ साली त्यांनी हिंदुस्थानच्या राष्ट्रध्वजावर एक पुस्तिकाच छापली होती. काँग्रेसच्या दर अधिवेशनात ते आपले नमुने घेऊन फिरत. लोक ऐकून घेत आणि पुढे जात. १९२१च्या वसंतात बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक भरली. झेंड्यावर चरखा असावा ही सूचना जालंधरच्या लाला हंसराजांची. गांधीजींना ती पटली. त्यांनी वेंकय्यांना तांबड्या-हिरव्या जमिनीवर चरखा काढून द्यायला सांगितले आणि तीन तासांत नमुना हातात आला. पण समितीपुढे ठेवायला थोडा उशीर झालाच. हा उशीर झाला ते बरेच झाले, असे गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहिले. तांबडा हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा, मग बाकीच्यांचे काय, हा विचार त्यांच्या मनात त्या उशिरामुळेच आला आणि पांढरा पट्टा वाढला. तोही सर्वांत वर. संख्येने जे लहान त्यांना वरची जागा, मग हिरवा, आणि तांबडा सर्वांत खाली.

मनुष्य थोर, हेतू थोर; तरीही झेंड्यावर जमातींची अशी वाटणी करण्यातली अडचण पुढे दिसू लागली. रंग एकदा कुणाच्या तरी नावावर चढवला की आमच्या नावावर कोणता, हा प्रश्न ओघानेच येतो. शिखांनी तो विचारला आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. बँकेच्या खात्यात दोन नावे असली की तिसरा वारस आज ना उद्या अर्ज घेऊन येतोच.

पण तो वाद पेटण्याआधी या झेंड्याने नागपूर पाहिले. १९२३चे नागपूर. असहकाराची चळवळ थांबलेली, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात, सारीकडे एक मरगळ. मार्च महिन्यात जबलपूरला झेंड्यावरून सरकारशी खटका उडाला होता. नागपुरात सिव्हिल लाइन्स हा गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांचा भाग. तिथून झेंडा घेऊन जायचे नाही, असा सरकारी हुकूम निघाला. रस्ता सार्वजनिक, हातात काठीला बांधलेले एक फडके, आणि एवढ्यासाठी कलम १४४! जमनालाल बजाजांनी हेच हेरले. १ मेपासून रोज स्वयंसेवकांची लहानशी तुकडी झेंडा घेऊन निघे, हद्दीवर अडवली जाई आणि शांतपणे तुरुंगात जाई. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. भाषण नाही, आरडाओरडा नाही. गुजरातेतून, बिहारातून, मद्रासकडून माणसे येऊ लागली. विनोबा त्यात गेले. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान गेल्या. दीड हजारांहून अधिक माणसे आत गेली आणि तुरुंगांत जागा पुरेना.

जमनालालजींना कैद झाली, वर तीन हजार रुपये दंड. दंड भरायचा नाही हे ठरलेलेच होते. तेव्हा सरकारने त्यांची मोटार जप्त करून लिलावात काढली. नागपुरात बोली लावायला एकही माणूस पुढे आला नाही. ज्याने नोकरीच्या काळात जप्तीचे लिलाव जवळून पाहिले आहेत, त्याला या गोष्टीचे मोल विचारा. अडलेल्याची वस्तू स्वस्तात मिळते म्हटल्यावर शेजारी, सोयरे, एरवी देवमाणूस म्हणवणारे सगळे हजर असतात. त्या काळात मोटार ही केवढी चीज! तीही मातीमोल भावाने मिळत असताना सबंध शहर पाठ फिरवून उभे राहते, हा मला तरी त्या सत्याग्रहातला सर्वांत मोठा दिवस वाटतो. जमनालालजींच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. १८ ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली, कोणी अडवले नाही, आणि कैदी सुटले. तोवर झेंडा ही सभेतली शोभेची वस्तू होती. त्या साडेतीन महिन्यांत तो लोकांचा झाला.

१९२९च्या ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री लाहोरला रावीच्या काठी जवाहरलालजींनी तो उभारला. १९३० साली सोलापूरच्या नगरपालिकेच्या इमारतीवर तो चढला आणि मे महिन्यात त्या शहरावर मार्शल लॉ आला. नुसती गांधी टोपी घालणेही तिथे गुन्हा ठरले.

रंगांचा तंटा मात्र मिटलेला नव्हता. १९३१च्या कराची अधिवेशनाच्या वेळी काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. वल्लभभाई, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, जवाहरलालजी, पट्टाभी सीतारामय्या, आणि दोन नावे आपल्या जवळची: काकासाहेब कालेलकर आणि हिंदुस्थानी सेवा दलाचे डॉ. ना. सु. हर्डीकर. या समितीने जी शिफारस केली ती आज फारशी कोणाला ठाऊक नसते. झेंड्याचा सबंध रंग एकच असावा, केशरी, आणि काठीकडच्या बाजूला वर चरखा असावा, असे समितीचे एकमत झाले. रंगच एक ठेवला म्हणजे वाटणीचा प्रश्न उरत नाही, असा सरळ हिशोब. आझाद आणि तारासिंग यांच्यासकट सर्वांनी त्यावर सही करावी, हे आज वाचताना थबकायला होते.

अखिल भारतीय समितीने ही शिफारस मानली नाही. दहा वर्षे ज्या तिरंग्यासाठी लोक तुरुंगात गेले, तो एका अहवालाने कसा उतरवायचा? ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईच्या बैठकीत निर्णय झाला. तीन रंग राहिले, पण तांबड्याचा केशरी झाला, केशरी वर आला, पांढरा मध्ये, हिरवा खाली, आणि पांढऱ्यावर निळा चरखा. त्याच वेळी स्पष्ट शब्दांत असेही ठरले की या रंगांचा कोणत्याही जमातीशी संबंध नाही. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे सत्य आणि शांती, हिरवा म्हणजे श्रद्धा आणि शौर्य. शाळेतल्या मुलाचे उत्तर पुष्कळसे इथून आलेले आहे. तेव्हा रंगांचे अर्थ हे काही झेंड्याबरोबर जन्माला आलेले नाहीत. जुने अर्थ पुसून त्या जागी ते मुद्दाम, विचारपूर्वक लिहिले गेले. जमातींची नावे काढून गुणांची नावे घातली. कारकुनी भाषेत बोलायचे तर वहीत फक्त एक नोंद बदलली. पण माझ्या मते झेंड्याच्या सबंध इतिहासात याहून शहाणा निर्णय दुसरा झालेला नाही.

पुढची अकरा वर्षे या झेंड्याने काय पाहिले ते महाराष्ट्राला सांगायला नको. ९ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर अरुणा असफअली यांनी तो फडकवला. ठीक एका महिन्याने, ९ सप्टेंबरला, नंदुरबारच्या रस्त्यात पंधरा वर्षांच्या शिरीषकुमार मेहताच्या हातात तो होता. गोळीबारात शिरीष आणि त्याचे चार सोबती गेले. त्याच दिवशी साताऱ्याकडे वडूजच्या कचेरीवर झेंडा लावायला निघालेल्या मोर्चावर गोळ्या सुटल्या आणि परशुराम घार्गे यांच्यासह अनेक जण पडले. त्याच महिन्यात बंगालमध्ये तमलूकला मातंगिनी हाजरा ही म्हातारी आणि आसामात गोहपूरला कनकलता बरुआ ही कोवळी पोर, दोघीही झेंडा हातात असतानाच गेल्या.

स्वातंत्र्य दाराशी आले तेव्हा देशाचा झेंडा कोणता, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. काँग्रेसचा झेंडा हा एका पक्षाचा. देश त्याहून मोठा. जून १९४७ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली तात्पुरती समिती नेमली गेली. मौलाना आझाद, राजगोपालाचारी, सरोजिनी नायडू, कन्हैयालाल मुनशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अशी माणसे तिच्यात होती. काँग्रेसचाच झेंडा थोडा बदल करून घ्यावा, पण तो सर्व पक्षांना आणि जमातींना मान्य होईल असा असावा, असे तिने सांगितले. मग चरख्याच्या जागी सारनाथच्या सिंहस्तंभावरचे चक्र आले.

२२ जुलैला घटना समितीत नेहरूंनी ठराव मांडला तेव्हा त्यांनी दोन झेंडे बरोबर आणले होते, एक रेशमी खादीचा आणि एक सुती खादीचा. चरखा का बदलला याचे त्यांनी दिलेले एक कारण मोठे व्यवहारी आहे. चरख्याला एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला चाती असते. झेंडा मागून पाहिला की तो उलटा दिसतो. झेंडा तर दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा. चाक घेतले की ही अडचण सुटते. मोठ्या निर्णयांच्या पोटात अशी लहान कारणे असतात आणि ती सांगायला नेहरूंना संकोच वाटला नाही. ह. वि. कामथ यांनी चक्रात स्वस्तिक असावे अशी दुरुस्ती दिली होती. ती त्यांनी मागे घेतली. राधाकृष्णन यांनी रंगांवर भाष्य केले: केशरी म्हणजे विरक्ती, पांढरा म्हणजे प्रकाशाची, सत्याची वाट, हिरवा म्हणजे मातीशी आणि वनस्पतीशी असलेले आपले नाते, आणि चक्र म्हणजे धर्म आणि गती. म्हणजे हिरव्याचा अर्थ सोळा वर्षांत श्रद्धेकडून मातीकडे वळला होता. मुस्लिम लीगचे चौधरी खलिकुज्जमान यांनीही पाठिंब्याचे भाषण केले. काही महिन्यांनी ते पाकिस्तानात गेले. त्या दिवशी मात्र सारे सभागृह उभे राहिले आणि ठराव मंजूर झाला.

गांधीजी खूश नव्हते. चक्र हे चरख्याचेच प्रतीक असेल तर ठीक, पण झेंड्यातून चरख्याचा आणि खादीचा अर्थ जाणार असेल तर अशा झेंड्याला मी वंदन करणार नाही, अशा आशयाचे ते त्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बोलले आणि लिहिलेही. ठरावातले ‘चरख्याचे प्रतीक’ हे शब्द किती तोलून घातले होते, ते इथे कळते. नोकरीत सारा जन्म ठरावांचे मसुदे वाचण्यात गेलेल्या माणसाला असे शब्द लगेच दिसतात. त्या एका शब्दप्रयोगाने अशोक आत आला आणि गांधीही बाहेर गेले नाहीत.

मग झेंड्याचा कर्ता कोण? वेंकय्या, असे आंध्रात अभिमानाने सांगतात. १९४७चा शेवटचा नमुना सनदी अधिकारी बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी सुरैया यांच्या घरी तयार झाला, असे त्यांचे कुटुंब सांगते. घटना समितीने कोणाचेच नाव घेतले नाही, आणि मला ते बरे वाटते. वेंकय्या १९६३ साली हलाखीत गेले. त्यांचे तिकीट निघाले ते २००९ साली. ही उपेक्षा बोचते खरी. पण तिची भरपाई म्हणून सबंध झेंडा एकाच्या नावावर करायचा, तर हंसराजांचे काय, कराचीच्या सात जणांचे काय, आणि नागपूरच्या त्या दीड हजारांचे काय?

१४ ऑगस्टच्या रात्री हंसाबेन मेहता यांनी भारतीय स्त्रियांच्या वतीने घटना समितीला झेंडा अर्पण केला. लाल किल्ल्यावर नेहरूंनी तो प्रथम फडकवला १५ ऑगस्टला नव्हे, १६ला. गोव्यात तर त्यासाठी पुढेही रक्त सांडले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हाच झेंडा घेऊन निःशस्त्र सत्याग्रही सरहद्द ओलांडून गेले आणि पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी वीसहून अधिक जण मेले.

झेंडा लोकांनी कमावला, आणि मग गंमत अशी झाली की स्वतंत्र देशात तो सरकारचा झाला. मोजके राष्ट्रीय दिवस सोडले तर सामान्य माणसाला घरावर झेंडा लावायला मनाई होती. आमच्या शाखेतही झेंडा वर्षातून दोनदा कपाटातून निघे. त्यातला खरा तज्ज्ञ आमचा शिपाई. फुले ठेवून घडी कशी घालायची आणि एका हिसक्यात सुटेल अशी गाठ कशी मारायची, हे मॅनेजरला नव्हे, त्यालाच येत असे. नवीन जिंदाल या उद्योजकाने आपल्या रायगढच्या कारखान्यावर रोज झेंडा लावायचा आग्रह धरला, अधिकाऱ्यांनी अडवले, आणि प्रकरण कोर्टात गेले. १९९५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता आली आणि २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक झेंडा लावणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असे सांगितले. सिव्हिल लाइन्सची हद्द पुरती उठायला अशी ऐंशी वर्षे लागली.

आता राहिला कापडाचा प्रश्न. देशात वस्तूंची मानके ठरवू लागले तेव्हा भारतीय मानक क्रमांक एक मिळाला तो झेंड्याला, १९५१ साली. सूत, वीण, रंगाची छटा, शिवण, दोरी, सारे त्यात बांधून दिलेले. आकार नऊ, टेबलावरच्या १५० बाय १०० मिलिमीटरपासून ६३०० बाय ४२०० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे सुमारे एकवीस फूट बाय चौदा. आणि कापड हातसुताचे, हातमागाचे. ३० डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीने यंत्रावरचे आणि पॉलिएस्टरचे झेंडेही चालतील असे झाले. पुढच्या जुलैत रात्रीही झेंडा फडकत ठेवायची मुभा मिळाली, आणि त्या ऑगस्टात ‘हर घर तिरंगा’ मोहिमेत गल्लोगल्ली झेंडे दिसले. झोपडीवरही झेंडा दिसला याचा आनंद मलाही झाला. वीस-पंचवीस रुपयांत खादीचा झेंडा मिळत नाही, हेही खरे. पण चक्र चरख्याचे प्रतीक आहे असे ठराव सांगतो, आणि ज्या कापडावर ते छापले आहे त्याला चरखा शिवलेलाही नाही, ही विसंगती मला सोसत नाही. हुबळीजवळ बेंगेरीला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ मानकाबरहुकूम झेंडे करतो. २०२२च्या जुलैत त्याने या बदलाचा जाहीर निषेध केला. आपल्याकडे नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीतही झेंडे तयार होतात.

बेंगेरीला शिलाईवर बहुतेक बायकाच आहेत. बागलकोटकडून आलेले कापड तीन रंगांत विभागून रंगवतात, मापात कापतात, पांढऱ्यावर चक्र छापतात, मग तिन्ही पट्टे जोडून दोरी आणि लाकडी खुंटी बसवतात. सर्वांत अवघड काम चक्राचे. ते कापडाच्या दोन्ही बाजूंना छापावे लागते, आणि मागचे चोवीस आरे पुढच्या चोवीस आऱ्यांवर तंतोतंत बसावे लागतात.